प्रयोगशाळा सहायकाचे पहिले अधिवेशन : परवानगीच्या अर्जापासून परतल्यानंतरच्या नोंदीपर्यंत

शाळेत गणिताचे शिक्षक तीन-चार असतात, भाषेचेही तेवढेच असतात, आणि मधल्या सुट्टीत शिक्षक-खोलीत बसून ते आपल्या विषयातल्या अडचणी एकमेकांशी बोलू शकतात. प्रयोगशाळा सहायक मात्र बहुतेक शाळांत एकच असतो. सोबतीला एखादा परिचर असला तर असतो. निवृत्त झालेल्या आधीच्या सहायकाने सोपवलेला किल्ल्यांचा जुडगा, डेड स्टॉक (टिकाऊ सामान) आणि तूटफूट अशा दोन-तीन नोंदवह्या आणि कपाटातल्या बाटल्या एवढ्याच भांडवलावर कित्येकांचे काम सुरू होते. अनुकंपा तत्त्वावर लागलेल्या किंवा शिपाई पदावरून परिचर झालेल्या कर्मचाऱ्याला तर द्रावण कसे करावे हेही कोणी बसवून शिकवलेले नसते. अशा एकट्या माणसाला आपल्याच कामाची शे-दोनशे माणसे एका छताखाली भेटण्याची जागा म्हणजे अधिवेशन होय. तेथे प्रथमच जाणाऱ्याने काय तयारी करावी, तेथे वेळ कुठे घालवावा आणि परत आल्यावर काय करावे, याचे हे मार्गदर्शन आहे.

कोणत्या स्वरूपाचा कार्यक्रम आहे, हे आधी ओळखावे

हाती येणाऱ्या परिपत्रकावर ‘अधिवेशन’, ‘संमेलन’, ‘कार्यशाळा’ यांपैकी कोणताही शब्द असला, तरी त्यावरून आत काय असेल ते कळत नाही. शिक्षकेतर कर्मचारी संघटनांची अधिवेशने प्रामुख्याने सेवाविषयक प्रश्नांची असतात. तेथे आकृतिबंध (मंजूर पदांची रचना), रिक्त पदे, आश्वासित प्रगती योजना (पदोन्नती न मिळाल्यास ठरावीक सेवेनंतर वरची वेतनश्रेणी), १ नोव्हेंबर २००५ नंतर नियुक्त झालेल्यांचे निवृत्तिवेतन अशा विषयांवर ठराव होतात, आणि प्रयोगशाळेच्या प्रत्यक्ष कामासाठी एखादेच सत्र ठेवलेले असते. कार्यशाळेत याच्या उलट असते. तेथे भाषणे थोडी आणि हाताने करण्याचे काम अधिक असते. तिसरा प्रकार विज्ञान प्रसार करणाऱ्या संस्थांच्या संमेलनांचा. १९६६ साली स्थापन झालेल्या मराठी विज्ञान परिषदेचे वार्षिक अधिवेशन महाराष्ट्रात वेगवेगळ्या ठिकाणी भरते. ते खास प्रयोगशाळा कर्मचाऱ्यांसाठी नसले, तरी विज्ञानाशी रोजचा संबंध असलेल्याला तेथे परके वाटत नाही.

म्हणून कार्यक्रमपत्रिका मागवून घ्यावी आणि ती वेळांसह वाचावी. उद्घाटन, सत्कार, मान्यवरांची मनोगते आणि समारोप वगळून उरलेल्या वेळेत किती सत्रे बसतात हे मोजले, की दोन दिवसांची रजा खर्च करायची की एकाच दिवसाला जायचे हे आपोआप ठरते. सेवाविषयक अधिवेशनाला जाऊ नये असे मुळीच नाही. आपल्या पदाचे नियम ज्याला माहीत नाहीत, त्याला त्या सभागृहात एका दिवसात जे समजते ते एरवी वर्षभर कळत नाही. तेथे जाताना अपेक्षा मात्र त्याच स्वरूपाची ठेवावी.

परवानगी, रजा आणि खर्च

परवानगीचा अर्ज मुख्याध्यापकांच्या नावे, परिपत्रकाची प्रत जोडून, निदान पंधरा दिवस आधी द्यावा. अर्जात तीन गोष्टी स्पष्ट असाव्यात : कोणत्या तारखांना अनुपस्थित राहणार, त्या दिवशी कोणत्या इयत्तेची प्रात्यक्षिके आहेत, आणि त्यांची व्यवस्था काय केली आहे. यातली शेवटची गोष्ट बहुतेक अर्जांत नसते आणि नकार बहुधा तिच्यामुळेच मिळतो. ‘मंगळवारच्या अकरावीच्या दोन तुकड्यांची द्रावणे सोमवारी तयार करून, लेबल लावून, ओट्यावर ठेवीन’ असे एक वाक्य लिहिले, की विज्ञानाचे शिक्षकही आपली बाजू घेतात.

काही अधिवेशनांसाठी शिक्षण विभागाकडून विशेष नैमित्तिक रजेचे पत्र निघते. ते निघाले असल्यास त्याची प्रत संघटनेकडून घेऊन अर्जासोबत जोडावी. पत्र निघालेले नसेल, तर ती रजा मिळेल असे गृहीत न धरता साध्या नैमित्तिक रजेचा हिशेब मनात ठेवावा. कार्यशाळा शिक्षणाधिकाऱ्यांच्या आदेशाने असेल, तर प्रश्न सोपा असतो. आदेशात आपल्या पदाचा उल्लेख आहे ना, तेवढे पाहून शाळेचे कार्यमुक्तीचे पत्र सोबत न्यावे. नोंदणी शुल्क शाळा देणार की स्वतः भरायचे, हे तोंडी न ठरवता अर्जावरच शेरा घ्यावा. पावती शाळेच्या नावे हवी की स्वतःच्या, हे नोंदणीच्या टेबलावर विचारले जाते, आणि नंतर ती बदलून मिळत नाही.

तारखांविषयी एक गोष्ट. बारावीच्या प्रात्यक्षिक परीक्षा साधारणतः जानेवारीअखेर ते फेब्रुवारीत येतात, आणि भौतिक, रसायन व जीवशास्त्र या प्रत्येक विषयाला प्रात्यक्षिकाचे ३० गुण असल्याने त्या काळात प्रयोगशाळा सोडून जाणे कोणत्याच शाळेला परवडत नाही. अधिवेशन जानेवारीत असेल, तर परीक्षेची यादी आणि द्रव्यांची मागणी डिसेंबरमध्येच पूर्ण करावी. मग परवानगी मागताना संकोच वाटत नाही.

प्रश्न लिहून न्यावेत

या संपूर्ण लेखातला सर्वांत महत्त्वाचा भाग हाच आहे, असे मी मानतो. अधिवेशनाला जाणाऱ्यांपैकी बरेच जण रिकाम्या वहीने जातात, जे कानावर पडेल ते लिहून घेतात, आणि त्यातले निम्मे त्यांच्या प्रयोगशाळेत लागू पडत नाही. त्याऐवजी निघण्यापूर्वी दोन आठवडे ओट्याजवळ एक वही उघडी ठेवावी आणि काम करताना जेथे अडते, तेथेच ते तिच्यात टिपावे.

प्रश्न कसा लिहिला आहे यावर उत्तर अवलंबून असते. पोटेन्शिओमीटर म्हणजे लांब तारेच्या आधारे सेलचा व्होल्टेज मोजण्याचे उपकरण. ‘पोटेन्शिओमीटर चालत नाही’ या प्रश्नाला कोणीही अनुभवी सहायक ‘तारा तपासा’ एवढेच सांगू शकेल. तोच प्रश्न असा लिहावा : ‘चार मीटर तारेचा पोटेन्शिओमीटर, तारेच्या दोन्ही टोकांना जॉकी टेकवली तरी गॅल्व्हनोमीटरचा काटा एकाच बाजूला जातो, ड्रायव्हर म्हणून वापरलेल्या बॅटरीचा व्होल्टेज मोजलेला नाही.’ (जॉकी म्हणजे तारेवर टेकवायचे संपर्काचे टोक, आणि ड्रायव्हर म्हणजे तारेत प्रवाह सोडणारी बॅटरी.) हे ऐकताच समोरचा नेमके विचारतो, की ड्रायव्हरचा व्होल्टेज मोजायच्या सेलपेक्षा कमी तर पडत नाही ना, रिओस्टॅटचा रोध जास्त तर लागलेला नाही ना, आणि दोघांची धन टोके तारेच्या एकाच बाजूला जोडली आहेत ना. बऱ्याचदा एवढ्या बोलण्यातच दोष सापडतो.

रसायनाचे उदाहरण घ्यायचे तर ऑक्झॅलिक आम्ल आणि पोटॅशियम परमँगनेट यांच्या अनुमापनात (एक द्रावण मोजून दुसऱ्यात सोडण्याच्या प्रयोगात) फिकट गुलाबी रंगाऐवजी तपकिरी गढूळपणा येतो, ही तक्रार दर वर्षी कोठेतरी असतेच. प्रश्न लिहिताना विरल सल्फ्युरिक आम्ल किती घातले, द्रावण ६० ते ७० अंश सेल्सिअसपर्यंत तापवले होते का, आणि सुरुवातीला ब्युरेट (मोजखुणा असलेली तोटीची काचनळी) किती वेगाने सोडली, या तीन गोष्टी लिहिल्या पाहिजेत. कारण आम्ल कमी पडणे, द्रावण थंड असणे आणि घाईने परमँगनेट ओतणे यांपैकीच काहीतरी कारण असते, आणि मँगनीज डायऑक्साइडचा तो तपकिरी साका त्यातूनच येतो.

कोकणातल्या किंवा गोव्यातल्या शाळांचा प्रश्न वेगळा असतो. जूनपासून सप्टेंबरपर्यंत सूक्ष्मदर्शकाच्या भिंगांवर बुरशीचे जाळे धरते, आणि लाकडी पेटीत बंद करून ठेवलेल्या सूक्ष्मदर्शकांवर ते जास्त धरते, कारण लाकूड ओल धरून ठेवते. यावर मराठवाड्यातल्या सहायकाला विचारून फारसे हाती लागणार नाही. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगडकडचा माणूस शोधावा. तो सांगेल की कपाटात कमी वॅटचा दिवा कसा लावावा, सिलिका जेलच्या पुड्या किती ठेवाव्यात, आणि निळे जेल गुलाबी झाले की ते तापवून पुन्हा कसे वापरावे. भिंग हातरुमालाने पुसू नये, हेही तो न विचारता सांगेल.

आणखी एक प्रश्न प्रत्येकाने न्यावा असे मला वाटते : कपाटाच्या मागच्या रांगेत लेबल उडालेल्या किंवा वीस वर्षांपूर्वीच्या ज्या बाटल्या आहेत, त्यांचे काय करावे? त्यांची छायाचित्रे भ्रमणध्वनीत काढून न्यावीत. बाटली हलवू नये, झाकण तर मुळीच उघडू नये. जुन्या साठ्यात कोरडे पडलेले पिक्रिक आम्ल असेल, तर ते घर्षणाने स्फोट पावू शकते, आणि अशा बाटलीचे झाकण फिरवणे हेच घर्षण ठरते. असा साठा सापडल्यास अधिवेशनाची वाट न पाहता मुख्याध्यापकांना लेखी कळवावे. निर्लेखनाची (निरुपयोगी साहित्य नोंदवहीतून रीतसर कमी करण्याची) प्रक्रिया आणि विल्हेवाटीचा मार्ग या दोन गोष्टी मात्र अधिवेशनात आवर्जून विचाराव्यात, कारण काही शाळांनी ते प्रत्यक्ष पार पाडलेले असते.

सोबत काय न्यावे, काय नेऊ नये

ओळखपत्र, कार्यमुक्तीचे पत्र, नोंदणीची पावती आणि प्रश्नांची वही हे तर आलेच. त्याखेरीज पांढरा ॲप्रन, सुरक्षा चष्मा, कायम शाईचे पेन आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहायची, नमुना कायमचा बसवलेली एक जुनी पण चांगली स्थायी स्लाइड जवळ ठेवावी. स्लाइडचा उपयोग पुढे सांगितला आहे. निवास बहुधा यजमान शाळेच्या वर्गखोल्यांत किंवा मंगल कार्यालयात असतो. तेव्हा चादर, कुलूप, विजेरी आणि नेहमीची औषधे घ्यावीत. महिला कर्मचाऱ्यांनी निवासाची स्वतंत्र व्यवस्था आहे का, आणि ती सभागृहापासून किती दूर आहे, हे नोंदणीपूर्वीच संयोजकांकडून दूरध्वनीवर समजून घ्यावे. परिपत्रकात हे क्वचितच लिहिलेले असते. एसटीत महिलांना निम्म्या तिकिटाची सवलत मार्च २०२३ पासून आहे, त्यामुळे दोन-तीन शाळांतील जणींनी मिळून एसटीने जाणे सोयीचे पडते.

प्रात्यक्षिक दाखवायचे असले तरी आम्ले, स्पिरिट, सोडियमची बाटली असे काहीही पिशवीत घालून गाडीत बसू नये. ज्वालाग्राही आणि धोकादायक पदार्थ घेऊन रेल्वेने प्रवास करणे हा गुन्हा आहे, आणि एसटीच्या गर्दीत फुटलेल्या बाटलीची जबाबदारी कोणीच घेत नाही. लागणाऱ्या द्रव्यांची यादी, तीव्रता आणि प्रमाण यांसह, यजमान शाळेच्या सहायकाला आठवडाभर आधी पाठवावी. तो आपल्याच व्यवसायातला असतो. बाटल्या तयार ठेवतो.

सभागृहातला पहिला दिवस

उद्घाटन उशिरा सुरू होते, हे गृहीत धरावे. पण नोंदणीसाठी वेळेवरच पोहोचावे, कारण तासाभराच्या त्या मोकळ्या वेळेत रांगेत उभ्या असलेल्यांशी जेवढे बोलणे होते, तेवढे पुढे दिवसभर होत नाही. आपले नाव, शाळा, तालुका आणि कोणत्या इयत्तांची प्रयोगशाळा सांभाळतो, एवढे सांगून सुरुवात करावी. ज्येष्ठांना ‘सर’, ‘मॅडम’ म्हणण्याचा रिवाज आहेच. बरेच परिचर स्वतःला शिक्षकांसमोर ‘सर’ म्हणवून घेताना अवघडतात, पण येथे तो संकोच नसतो. तीस वर्षे सेवा झालेल्या परिचराच्या हाताला जे वळण असते, ते पदवीधर सहायकालाही नसते, आणि अधिवेशनात पद विचारून बोलणाऱ्याला फारसे काही मिळत नाही.

सत्रे एकाच वेळी दोन खोल्यांत असतील, तर जेथे टेबलावर उपकरणे मांडलेली दिसतील, त्या खोलीत जावे. पडद्यावरचे सादरीकरण नंतर कोणाकडूनही मिळते. पण काचनळी वाकवताना ज्योतीच्या कोणत्या भागात धरायची, ती कधी बाहेर काढायची आणि हात किती सावकाश फिरवायचे, हे बाजूला उभे राहूनच कळते. बसायला जागा पुढे घ्यावी. मागच्या रांगेत गप्पा चांगल्या होतात, परंतु हात दिसत नाहीत.

टिपण घेताना वक्त्याचे वाक्य न लिहिता आकडा, क्रम आणि सावधगिरी या तीन गोष्टी लिहाव्यात. द्रावणांच्या सत्रात हे विशेष लागू पडते. एक लिटर १ मोलर हायड्रोक्लोरिक आम्लासाठी संहत आम्ल किती घ्यायचे, याची उत्तरे दोन जण वेगवेगळी देतील आणि दोघेही बरोबर असू शकतील : बाटलीवर ३७ टक्के असेल तर सुमारे ८३ मिलिलिटर लागते, आणि ३५ टक्के असेल तर सुमारे ८८. म्हणून ‘८३ मिली’ एवढेच टिपून आणणे धोक्याचे. ‘३७ टक्के, घनता १.१९, ८३ मिली’ असे टिपावे, म्हणजे आपल्या बाटलीचे लेबल वाचून हिशेब पुन्हा करता येतो. ९८ टक्के सल्फ्युरिक आम्लाचे एक लिटर १ मोलर द्रावण करायला सुमारे ५४ मिलिलिटर लागते, आणि तेथे आम्ल पाण्यात, थोडे थोडे, ढवळत आणि चंचुपात्र थंड पाण्यात ठेवून घालावे. हा नियम सर्वांना पाठ असतो. तरीही प्रात्यक्षिकात तो पाहून घ्यावा, कारण ‘थोडे थोडे’ म्हणजे किती, याचा अंदाज प्रत्येकाचा निराळा असतो.

शंका सत्राच्या शेवटी विचारावी, एकच विचारावी, आणि ती वहीतून वाचावी. प्रश्नाच्या आधी आपल्या शाळेचा इतिहास सांगू नये. उत्तर अपुरे वाटले, तर तेथेच वाद न घालता चहाच्या वेळी साधनव्यक्तींना (सत्र घेणाऱ्या तज्ज्ञांना) गाठावे. तेव्हा ते कागद घेऊन आकृती काढून दाखवतात.

विक्रेत्यांचे स्टॉल

मोठ्या अधिवेशनांत उपकरणे आणि रसायने विकणाऱ्यांचे स्टॉल असतात. शाळांसाठीची बरीचशी उपकरणे हरियाणातल्या अंबाल्याहून येतात, आणि मुंबईत प्रिन्सेस स्ट्रीटचा परिसर या व्यापारासाठी ओळखला जातो. एरवी छापील सूचीवरून मागवाव्या लागणाऱ्या वस्तू येथे हातात घेऊन पाहता येतात, हा स्टॉलचा खरा उपयोग आहे. पिशव्या, दिनदर्शिका आणि पेने गोळा करण्यात तो वेळ जाऊ देऊ नये.

सूक्ष्मदर्शक पाहताना विक्रेत्याने लावलेली स्लाइड काढायला सांगावी आणि आपली स्लाइड लावावी. आपल्या स्लाइडमध्ये कोठे काय दिसते हे आपल्याला ठाऊक असते, त्यामुळे फरक लगेच जाणवतो. आधी १० पटीच्या वस्तुभिंगाखाली प्रतिमा स्पष्ट करावी आणि मग ४० किंवा ४५ पटीचे भिंग फिरवून आणावे. सूक्ष्म स्क्रूच्या थोड्याशा फेऱ्यात प्रतिमा सापडली पाहिजे. ती शोधण्यासाठी मोठा स्क्रू फिरवावा लागत असेल, तर ते यंत्र वर्गातल्या मुलांच्या हाती दिल्यावर महिनाभरात स्लाइडा फुटू लागतील. मग दृष्टिक्षेत्राची कडा पाहावी : मध्यभाग स्वच्छ आणि कडेला धूसर असेल, तर भिंग साधारण प्रतीचे आहे. शेवटी नळी वर करून दोन मिनिटे सोडून द्यावे आणि ती आपोआप खाली सरकते का ते पाहावे. एवढे होईपर्यंत विक्रेता अस्वस्थ होतो, होऊ द्यावे.

डिजिटल तराजूसाठी शाळेच्या वजनपेटीतले ५० ग्रॅमचे वजन चिमट्यासह खिशात न्यावे. ते थाळीच्या मध्यावर आणि नंतर चारही कडांवर ठेवून पाहावे. वाचन बदलत असेल तर तो तराजू रसायनाच्या कामाचा नाही. पंख्याच्या झोताखाली मांडलेल्या तराजूबद्दल मात्र मत बनवू नये.

ब्युरेटवर ‘अ’ किंवा ‘ब’ वर्गाचा उल्लेख आहे का ते पाहावे. ५० मिलिलिटरच्या ब्युरेटला ‘अ’ वर्गात ०.०५ मिलिलिटरपर्यंत आणि ‘ब’ वर्गात ०.१ मिलिलिटरपर्यंत चूक मान्य असते. शालेय अनुमापनाला ‘ब’ वर्ग पुरतो, आणि महागडा ‘अ’ वर्ग घेऊन वर्षभरात टोके तुटलेल्या ब्युरेटी कपाटात ठेवण्यात काही अर्थ नाही. तापवायची भांडी बोरोसिलिकेट काचेची घ्यावीत, नुसती साठवणीची असतील तर साधी काच चालते. पाऱ्याचे तापमापक घेण्यापेक्षा अल्कोहोलचे घ्यावेत. पाऱ्याचा वापर कमी करण्याच्या मिनामाता कराराला भारताने २०१८ मध्ये मान्यता दिली आहे, आणि फुटलेल्या तापमापकातले पाऱ्याचे थेंब फरशीच्या फटींतून काढण्याचे काम शेवटी आपल्याच वाट्याला येते.

रसायनांच्या स्टॉलवर प्रत्येक द्रव्याचे सुरक्षा पत्रक मागावे. त्याचे १६ भाग असतात; पैकी प्रथमोपचार, सांडल्यास काय करावे आणि साठवण हे तीन भाग आपल्या रोजच्या कामाचे. जो विक्रेता पत्रक मागितल्यावर ‘ते कशाला लागतं?’ असे विचारतो, त्याच्याकडून मी तरी आम्ले घेणार नाही.

जागेवर पैसे भरू नयेत, कितीही सवलत सांगितली तरी. खरेदी शाळेच्या पद्धतीने, दरपत्रके मागवून आणि तुलनात्मक तक्ता करूनच होणार असते. म्हणून मुख्याध्यापकांच्या नावाचे दरपत्रक मागावे आणि त्यात वस्तू व सेवा कर, पोहोचवण्याचा खर्च, वाटेत फुटल्यास जबाबदारी कोणाची, आणि हमी पावतीच्या तारखेपासून की बसवल्यापासून, हे लिहून घ्यावे.

स्वतःचे साधन मांडायचे असेल तर

पहिल्याच वर्षी ते मांडले पाहिजे असे नाही. परंतु तालुका आणि जिल्हा विज्ञान प्रदर्शनांत प्रयोगशाळा सहायक व परिचर यांनी तयार केलेल्या साहित्याचा स्वतंत्र गट असतो, हे अनेकांना ठाऊकच नसते, आणि त्या गटात प्रवेशिका थोड्या येतात. अधिवेशनात इतरांची साधने पाहताना ती कशाची केली आहेत यापेक्षा कोणत्या अडचणीतून सुचली आहेत हे विचारावे. मोडक्या ब्युरेटचा स्टँड, बाद झालेल्या संगणकातली वीजपुरवठ्याची पेटी, औषधाच्या रिकाम्या बाटल्यांची थेंबनळी अशी साधी साधने परीक्षकांपुढे फारशी चमकत नसली, तरी दर आठवड्याला वापरली जातात. स्वतः मांडणी करायची झाल्यास विजेचा जोडबोर्ड सोबत न्यावा, एका पानात साहित्य, कृती आणि खर्च लिहून त्याच्या प्रती काढाव्यात, आणि पाच मिनिटांत पूर्ण होईल एवढेच दाखवावे.

ठरावांचे सत्र

हे सत्र लांबते, आवाज चढतात, आणि नवख्याला कंटाळा येतो. तरीही निदान एकदा ते पूर्ण ऐकावे. महाराष्ट्रातील खाजगी शाळांच्या कर्मचाऱ्यांची सेवा १९७७ च्या अधिनियमाने आणि १९८१ च्या नियमावलीने बांधलेली आहे. वेतननिश्चिती, पदोन्नती, सेवापुस्तकातील नोंदी यांबाबत बोलणारे जुने पदाधिकारी त्यातली कलमे तोंडपाठ सांगतात. ऐकलेल्या शासन निर्णयाचा दिनांक टिपावा आणि तो घरी गेल्यावर मुळातून वाचावा. ‘असा जीआर निघाला आहे म्हणे’ एवढ्यावर मुख्याध्यापकांच्या टेबलापुढे उभे राहू नये.

परत आल्यावर

आठवड्याच्या आत एक पानाचा अहवाल मुख्याध्यापकांना द्यावा. त्यात कार्यक्रमाचे वर्णन नको; आपल्या प्रयोगशाळेत कोणते तीन बदल करता येतील, त्यांना खर्च किती आणि कोणाची परवानगी लागेल, एवढेच लिहावे. उपस्थितीच्या प्रमाणपत्राची छायाप्रत कार्यालयात देऊन पोच घ्यावी आणि मूळ प्रत स्वतःजवळ ठेवावी.

शिकून आलेली कृती लगेच वर्गावर नेऊ नये. आधी शाळा सुटल्यावर, विज्ञानाच्या शिक्षकांपैकी एकाला सोबत घेऊन, आपल्याच द्रव्यांनी आणि आपल्याच पाण्याने करून पाहावी. कूपनलिकेचे जड पाणी असलेल्या गावात सिल्व्हर नायट्रेटचे द्रावण नळाच्या पाण्यात केल्यास ते लगेच पांढुरके होते, कारण पाण्यातले क्लोराइड सिल्व्हर क्लोराइडचा साका देते. ज्याने कृती सांगितली त्याच्याकडे ऊर्ध्वपातित पाणी होते हे त्याच्या बोलण्यात आलेलेच नसते. व्हॉट्सॲप गटावर अधिवेशनानंतर ज्या कृती फिरू लागतात, त्यांनाही हीच कसोटी लावावी.

ज्यांनी वहीतल्या प्रश्नांची उत्तरे दिली, त्यांना निकाल कळवावा. ‘सर, ड्रायव्हरचा व्होल्टेज मोजला, १.२ निघाला, बॅटरी बदलल्यावर शून्यबिंदू मिळाला’ (म्हणजे काटा शून्यावर येण्याची तारेवरची जागा सापडली) एवढा निरोप पुरतो. असा निरोप पाठवणाऱ्याचा दूरध्वनी पुढच्या परीक्षेच्या धांदलीतही उचलला जातो. मग वहीत त्या प्रश्नासमोर दिनांक घालावा, उत्तर यशस्वी ठरले की नाही ते लिहावे, आणि जे प्रश्न अनुत्तरित राहिले ते नव्या पानावर उतरवून ती वही पुन्हा ओट्याजवळ ठेवावी.